पेरांवरची आठवण

चाळिशी उलटली तरी घरात तिला सगळे छोटीच म्हणायचे. थोरल्या भावाच्या लाँड्रीत काउंटर सांभाळणारी छोटी. बायपोलरचं दुखणं विसाव्या वर्षापासून तिच्या मागे लागलेलं. कधी मन असं उधळायचं की तिला आवरता आवरता घरच्यांच्या नाकी नऊ यायचे, तर कधी आठवडेच्या आठवडे अंथरूण सुटायचं नाही. गेली तीन वर्षं मात्र गोळ्या लागू पडल्या होत्या आणि मन ताळ्यावर होतं. आठवण तेवढी ताळ्यावर आली नव्हती, आणि ते कुणालाच पटत नव्हतं.

गिऱ्हाईक सांगायचं, "शर्टाच्या बाहीला शाईचा डाग आहे, पडदे गुरुवारी हवेत, कोट पाण्यात घालू नका." छोटी पावती लिहायला पेन उचलेपर्यंत यातलं निम्मं गायब! म्हणून तिनं स्वतःची युक्ती काढली होती. गिऱ्हाईक बोलत असताना ती डाव्या हाताच्या पेरांवर अंगठ्याचं नख रुतवत जायची. शर्ट पहिल्या पेरावर, पडदे दुसऱ्यावर, कोट तिसऱ्यावर. मग जिथे जिथे नख टोचल्याचं जाणवेल, तिथली तिथली गोष्ट पावतीवर उतरवायची. वर्षभर तिनं असं बिनचूक काम केलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. लागू दिला असता तर बरं झालं असतं, पण माणसाला अब्रू असते ना!

मग एकदा इस्त्रीनं तिचा डावा अंगठा भाजला आणि त्याला जाडजूड पट्टी बांधावी लागली. त्याच आठवड्यात एक लोकरी कोट गरम पाण्यात गेला आणि बाहुलीला बसेल एवढा होऊन बाहेर आला. दादाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"डॉक्टर म्हणतात आजार आटोक्यात आहे. मग विसरायला काय झालं? लक्षच नसतं तुझं!"

"लक्ष असतं रे दादा. डोक्यात राहत नाही."

"सबबी सांगू नकोस. पुढच्या महिन्यापासून काउंटरवर तुझी वहिनी बसेल. तू मागे घड्या घाल."

घड्या घालण्यात काही कमीपणा नव्हता. पण लोक छोटीला आजारावरून नाही तर कामावरून ओळखायचे, अशी तिच्या आयुष्यात ती एकच जागा होती. ती तिला काही केल्या सोडायची नव्हती.

तिच्या डॉक्टरांनी तेव्हाच एका संशोधनाबद्दल सांगितलं. बायपोलर असलेल्यांची आठवण मन स्थिर असतानाही का कमी पडते, ते मोठ्या इस्पितळात मेंदूची चित्रं काढून शोधत होते. छोटी एका पायावर तयार झाली. मेंदूचं चित्रच दादाच्या पुढ्यात टाकायचं, मग बघू कसा म्हणतो लक्ष नसतं म्हणून!

यंत्राची खोली थंडगार होती. संशोधक बाईंनी तिच्या केसांतल्या पिनासुद्धा काढून ठेवायला लावल्या.

"ताई, आत एकामागून एक आकडे दिसतील. समोरचा आकडा त्याच्या दोन आकडे आधी आलेल्याशी जुळला, की उजव्या हातातलं बटण दाबायचं. डोकं अजिबात हलवायचं नाही."

यंत्राच्या बोगद्यात कुणीतरी पत्र्यावर हातोडा मारत बसल्यासारखा आवाज सुरू झाला. आकडे यायला लागले आणि एव्हाना बरा झालेला डावा अंगठा आपोआप कामाला लागला. एक ते नऊ आकडे, तीन बोटांची नऊ पेरं. छोटीनं ठरवून काही केलं नाही, हाताला सवयच तशी होती.

"वा ताई, एकही चूक नाही!" ती बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या.

छोटीनं कपाळावर हात मारून घेतला. वर्षभर विसरणं लपवण्यात ती एवढी तरबेज झाली होती, की दाखवायची वेळ आली तेव्हाही तिला ते जमलं नाही!

पण चित्रं बघताना बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डावा हात हलवत होतात का? त्या हाताची हालचाल सांभाळणारा भाग उजळलेला दिसतोय यात."

छोटीनं पेरांची गोष्ट सांगून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही एका परक्या बाईला.

"मग ही चित्रं वापरता येणार नाहीत. परत यावं लागेल, हात स्थिर ठेवून."

"येईन. पण रिपोर्ट द्याल ना? भावाला दाखवायचाय."

"एकेकाचा रिपोर्ट नसतो, ताई. एकट्याच्या चित्रावरून काही ठरवता येत नाही. पुष्कळ जणांची चित्रं एकत्र करून सरासरी काढतो आम्ही."

"मग भावाला काय दाखवू? सरासरी?" छोटीचा आवाज चढला. मग तीच म्हणाली, "असं करा, त्याला इथे काचेमागे बसू द्या. माझी उत्तरं त्याच्या डोळ्यांनी बघू दे."

बाईंनी वरिष्ठांना विचारलं, छोटीची एका कागदावर सही घेतली आणि परवानगी मिळवली.

दुसऱ्या खेपेला दादा कुरकुरत आला आणि काचेमागे बसला. छोटीचा डावा पंजा मऊ पट्ट्यानं फळीला सपाट बांधला. सात आला, चार आला, आणि तिसरा येईपर्यंत पहिला कुठला होता ते गेलं. पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. बांधलेला अंगठा पेर शोधत तडफडत होता. रडू आलं ते कानात ओघळलं, आणि डोकं हलवायचं नाही म्हणून पुसताही येईना. आपल्या मेंदूचा तिला इतका राग कधीच आला नव्हता.

बाहेर आली तर दादा उभा. डोळे लाल.

"एवढं सोपं होतं गं छोटे. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. राहत नव्हतं."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पटलं मला. उगाच बोललो तुला इतके दिवस."

क्षणभर छोटीच्या मनावरचं ओझं उतरलं. एवढंच तर ऐकायचं होतं तिला.

"आता पुढच्या महिन्याची वाट बघायला नको," दादा मायेनं म्हणाला. "वहिनी उद्यापासूनच बसेल. तू आराम कर. असल्या अवस्थेत तुला काउंटरवर बसवलं, माझंच चुकलं."

"दादा, मी पेरांवर नख रुतवून लक्षात ठेवते, आणि आत्ता हात बांधलेला होता! मागच्या खेपेला मोकळा होता तेव्हा माझी एकही चूक नव्हती. विचार यांना!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण ती चाचणी आम्ही बाद केली."

"बरं बरं," दादा म्हणाला. "दमलीस तू. चल घरी." आणि आजारी माणसाची घेतात तशी त्यानं तिची पिशवी स्वतःच्या हातात घेतली.

छोटीनं ती हिसकावून परत घेतली.