पुडीचा कागद

परवा जेवताना नातीनं मोबाइल माझ्यापुढं धरला. कुठल्यातरी लांबच्या देशातली लढाई, रस्त्यावर आडवी पडलेली माणसं. "आजी, तुमच्या वेळी हे कसं कळायचं गं?" मी म्हटलं, "आधी बंद कर ते, घास उतरंना मला." तिला वाटलं, म्हातारी चिडली. चिडले होतेच, पण तिच्यावर नाही.

आमच्या वेळीही अशीच लढाई पेटलेली आणि माझा धाकटा दीर सरहद्दीवर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जायचा. त्याच्या डोक्याला तेल मीच चोपडायची. आमचं गाव रहिमतपूरच्या जवळ. सकाळच्या एसटीनं पेपर दूध डेअरीत यायचा आणि दूध घालून झालं की गुरुजी तो मोठ्यानं वाचायचे. घरटी एक फौजी असलेलं गाव, त्यामुळं बायकासुद्धा किटल्या धरून ऐकत थांबायच्या. एक दिवस मला बघताच गुरुजींनी पेपरची घडी घातली आणि उसाबद्दल काहीबाही बोलायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. घरी मालकांना विचारलं तर म्हणाले, "काय न्हाई, तुला उगं संशय येतो." असला राग आला मला. पोरगा आमचा, काळजी आमची, आणि आम्हाला सोडून अख्ख्या गावाला ठाऊक! ही कुठली रीत?

बाजाराच्या दिवशी रहिमतपूरला गेले, शेंगदाणे घेतले. घरी येऊन ते डब्यात ओतले आणि पुडीचा कागद हातानं सपाट करायला लागले. आमच्या घरात पुडीचा कागद कधी टाकत नसत, फळीवर डब्यांखाली अंथरायचा ही सासूबाईंची शिस्त. सपाट करता करता नजर गेली. पकडलेल्या आपल्या जवानांची प्रेतं पलीकडून परत मिळाली होती. त्यांच्या अंगावर काय काय खुणा होत्या ते छापलं होतं, मी ते इथं लिहिणार नाही. हे सगळं ते जिवंत असताना केलेलं, असं डॉक्टरांचं म्हणणं. नावं नव्हती, पलटण कुठली तेही नव्हतं. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, गोठ्यात शेण काढत होत्या. त्यांना वाचता येत नाही, एवढंही मला त्या घाईत सुचलं नाही. कागद चुरगाळला आणि चुलीत घातला.

त्यानंतर पोस्टमन गल्लीत दिसला की माझ्या हातातलं भांडं गळायचं. आत्याबाई काही विचारत नव्हत्या. मला वाटायचं, बरंय, म्हातारीला पत्ता नाही.

मग तार आली आणि तारेमागून पेटी. फौजेच्या गाडीतून, तिरंगा घातलेली, खिळे ठोकून बंद. बरोबर सांगलीकडचा एक सुभेदार होता. त्यानं मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, पेटी उघडायची नाही. का, ते मालकांनी विचारलं नाही. मीही नाही.

पण आमच्याकडं तोंड बघितल्याशिवाय आई मयत उचलू देत नाही. तुळशीचं पान आणि घोटभर पाणी मुखात घालायचं, मगच खांदा द्यायचा. आत्याबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. अंगणात सारं गाव. एरवी पारावर बसून जगाला अक्कल शिकवणारे सगळे खाली बघत उभे. शेवटी मीच बोलले.

"आत्याबाई, उघडत न्हाईत ती. सरकारचा कायदा हाय."

आत्याबाई म्हणाल्या, "मला कशाला कायदा सांगतीस? पुडीचा कागद चुलीत घातलास ते गोठ्यातनं बघितलं, तवाच कळलं मला. या घरात कवा कागद जाळलाय कुणी? गेले गुरुजींच्या दारात. म्हटलं, जे छापलंय ते वाचा. वाचलं त्येंनी."

इतके दिवस एका चुलीपुढं बसून दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट झाकत होतो.

आत्याबाई सुभेदाराकडं वळल्या. "उघडू नगा. माझं काय म्हणणं न्हाई. त्येचं डोस्कं कंच्या अंगाला हाय, तेवढं सांगा."

सुभेदार पेटीकडं बघत राहिला. मग त्यानं एका टोकाचा झेंडा जरासा वर सारला आणि तिथं हात ठेवला. आत्याबाईंनी त्याच्या हाताशेजारी तुळशीचं पान ठेवलं, पाणी सोडलं. "पी बाळा," म्हणाल्या. पाणी लाकडावरून ओघळून खाली मातीत गेलं.

डोकं कुठल्या अंगाला ते सुभेदाराला खरंच ठाऊक होतं, की आईसाठी म्हणून त्यानं एक बाजू धरली, ते मी विचारलं नाही. आत्याबाईंनीही कधी विचारलं नाही.