दमानं उचला

भूकंपानंतर लोडर लावलेला माझा ट्रॅक्टर घेऊन मी मुखेडहून लातूरकडच्या एका गावात ढिगारे उचलायला गेलो. तिथं लोडर रुसला. भरलेली बकेट वर नेऊन लिव्हर सोडली, की ती हळूहळू खाली बसायची.

धुळीनं पांढरा झालेला एक माणूस पुढं आला. त्यानं सगळ्यांना मागं सारलं, बकेट वर न्यायला लावली, इंजिन बंद करवलं. लोडरच्या तेलाच्या व्हॉल्व्हला पाना टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावलं. "हितून तेल पळायलंय."

मग बकेट भुईला टेकवली, लिव्हर मागंपुढं करून तेलाचा दाब सोडला आणि व्हॉल्व्ह खोलला. आत माती अडकली होती. तान्ह्या बाळाचा कान पुसावा तसा त्यानं तो डिझेलनं पुसून काढला. कसलीच घाई नाही. पुन्हा जोडल्यावर भरलेली बकेट वर गेली ती तिथंच थांबली. तो तिच्याकडं टक लावून बघत राहिला.

"मिस्त्री, घर कुठंय तुमचं?" मी विचारलं.

त्यानं समोरचा ढिगारा दाखवला.

"ह्येच की. आता उचला. पर दमानं, आत माझी माणसं हायत."

 मी बकेट बाजूला रिकामी केली आणि लिव्हर बोटभर-बोटभर सरकवू लागलो.