चुलीचं गणित आणि सोजरबाईचे हात

अनसिंगच्या सोजरबाईनं बहात्तरच्या दुष्काळापासून एकही भाकर जळू दिली नव्हती. दुष्काळी कामावर खडी फोडून मिळालेल्या सरकारी लाल ज्वारीची भाकर तिनं इतक्या जपून भाजली होती, की पुढं बरे दिवस आले तरी तव्यावरून तिची नजर हटत नसे.

शहात्तरच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा जगदेव इंजिनियरिंगचं वरचं शिक्षण चालू असताना सुट्टीला आला आणि म्हणाला, "माय, मले तुही चूल पायजे." तिला वाटलं, पोरगा परगावी हातानं करून खात असेल.

तसं नव्हतं. जगदेवच्या अभ्यासात अशी यंत्रं होती, की ज्यांत एकाहून जास्त गोष्टी घालायच्या आणि एकाहून जास्त निघायच्या. आतली एक हलवली की बाहेरच्या सगळ्या हलतात. कशानं काय किती हलतं ते मोजायचं आणि गणितात मांडायचं. सरांनी बजावलं होतं, खऱ्या चालत्या वस्तूची मोजणी आणली नाहीस तर डिग्री विसर. कारखान्यात त्याला कुणी उभं करेना. चुलीत मात्र सगळं होतं. आत पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, आणि फुंकणीचा वारा, बाहेर तव्याची आच आणि शेजारच्या वैलावर वरणाची. दुप्पट पऱ्हाटीला दुप्पट आच, असं तो धरून चालला होता. सोजरबाईनं अडवलं नाही. शिकलेल्या पोराला कशाला टोकायचं?

त्यानं तव्याला आणि वरणाच्या पातेल्याला आच मोजायच्या तारा लावल्या. नियम एकच, तो पऱ्हाटी कमीजास्त करील तेव्हा बाकी कुणी कशाला हात लावायचा नाही. त्यानं मूठभर पऱ्हाटी आत सारली. भाकरीची कड लालसर झाली आणि एक काडी मागं सरकली.

"माय, कायले ओढली?"

"मीनं नाही ओढली," सोजरबाई म्हणाली. काडी तिच्या हातात होती.

रोज संध्याकाळी तेच. त्यानं जाळ कमी केला की फुंकणी आपोआप तिच्या तोंडाशी जाई. काहीही करा, आच तेवढीच. जगदेवनं कपाळाला हात लावला.

"हे चुलीचं गणित नाही, माय. हे तुहं हाय. आच बिघडली का तू सावरते. चूल मले दिसूनच नाही राह्यली. सुट्टी सरली, आता काय दाखवू सरांले?"

सोजरबाईला गणित कळलं नाही, पोराचा चेहरा कळला. तिनं भाकर थापून तव्यावर टाकली, हात धुतले आणि शेजारच्या भागिरथेच्या ओट्यावर घराकडं पाठ करून बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

जरा वेळानं करपट वास आला. ती अर्धी उठली आणि परत बसली.

"सोजरे, तुह्या घरी भाकर जळून राह्यली वं," भागिरथा म्हणाली.

"जळू दे," सोजरबाई म्हणाली. "माह्या जगदेवचा अभ्यास चालू हाय."

आणि तिनं हात आणखी घट्ट दाबले.