रुकोजींनी मागितलेलं बटण

फोन उचलल्यावर ते कधी 'हॅलो' म्हणायचे नाहीत. पलीकडच्याचं रडगाणं एव्हाना सुरू झालेलं असायचं. ते चहाचा एक घोट घ्यायचे, तोही आवाज करून, आणि सावकाश म्हणायचे, "रुको जी." आणि पलीकडचा माणूस खरंच थांबायचा. त्यावरून अख्खं ऑफिस त्यांना रुकोजी म्हणायचं. पंजाबी मंडळींना त्यात काही विशेष वाटत नसे. मला मात्र ते नाव ऐकून पहिल्या दिवशी वाटलं, पानिपताहून परतताना कोणी मराठा गडी वाट चुकून इथं चंदीगडशेजारी पंचकुल्यातच राहिला की काय. बघते तर अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेला, हवाई दलातून निवृत्त झालेला अमरावतीकडचा एक गृहस्थ.

मी साताऱ्याची. नवऱ्याची बदली जवळच्या चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत झाली होती आणि क्वार्टरमध्ये बसून लोकरीचे गुंडे मोजायचा मला मनस्वी कंटाळा आला होता. तो काळ नव्वदीच्या शेवटाचा. गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. मीही एक केला आणि पंचकुल्यात बाजाराच्या वरच्या मजल्यावर असलेल्या एका लहानशा कंपनीत चिकटले. कंपनीनं एक प्रोग्रॅम बनवला होता. एखाद्या ऑफिसात पन्नास विंडोज कॉम्प्युटर असले, तर ते सांभाळणाऱ्याला आपल्या खुर्चीवरूनच सगळ्यांवर काहीही चढवता, पुसता, बंद करता यायचं. हा प्रोग्रॅम वापरणारे अडले की फोन करायचे. ते फोन घ्यायला दोन खुर्च्या होत्या, एक रुकोजींची आणि एक माझी.

त्यांची एक सवय मला भयंकर चीड आणायची. फोन करणाऱ्याकडून ते स्क्रीनवरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचून घ्यायचे. माणूस घायकुतीला आलेला असायचा, दुसरी लाइन वाजत असायची, आणि हे आपले, "पढ़ के सुनाओ जी. नहीं, ऊपर से." एकदा मी भडकून म्हटलं, "अहो, तुम्हाला पाठ आहे ना ती स्क्रीन? मग त्याला कशाला छळता?" तर म्हणाले, "ताई, मले पाठ हाये, त्याले नाई न. घाबरलेला माणूस दिसते ते पाहत नाई. वाचाले लागला का पाहाले लागते." वर मलाच विचारलं, चहा सांगू का. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

त्यांच्या घरची गोष्ट मला हळूहळू कळली. निवृत्तीनंतर ते अमरावतीला जायचे होते, सामानही बांधलं होतं. पण वहिनींचं दुखणं निघालं, आणि त्याचा उपचार चंदीगडच्या मोठ्या सरकारी इस्पितळात होता. दर काही आठवड्यांनी जायचं, पुढची तारीख घ्यायची. अजून बरेच महिने हे चालणार होतं. म्हणून त्यांना चंदीगडमध्येच राहायचं होतं, आणि राहायचं तर ही नोकरी हवी होती. गणपतीत आमच्याकडे आल्या तेव्हा वहिनी मला म्हणाल्या होत्या, "यांचा सभाव मोठा हट्टी हाये. तेवढं लक्ष ठेवजा." मी ठेवते म्हटलं. काय कप्पाळ ठेवणार होते!

आमच्या मालकांना सगळे 'सर' म्हणत. दर आठवड्याला सर बैठक घ्यायचे. प्रोग्रॅममध्ये नवीन काय घालायचं ते तिथं ठरायचं आणि त्याचा नियम एकच. कोणी काही सुचवलं की सर विचारायचे, "किस कस्टमर ने माँगा?" ग्राहकाचं नाव आणि घडलेला प्रसंग सांगता आला तर मागणी पुढे जायची, नाहीतर तिथंच बारगळायची. रुकोजी कितीतरी दिवस एकच गोष्ट मागत होते, सुरू झालेलं काम थांबवायचं बटण. आमच्या प्रोग्रॅममध्ये 'कॅन्सल' होतं, पण ते दाबलं की नुसती खिडकी बंद व्हायची. दिलेला हुकूम आत चालूच राहायचा. सर म्हणायचे, "किस कस्टमर ने माँगा?" रुकोजी म्हणायचे, "अभी तक किसी ने नहीं." सगळे हसायचे आणि बैठक रंगीत रिपोर्टांकडे वळायची.

मग त्या सकाळी हरप्रीतचा फोन आला. मोहालीच्या रस्त्यावर एक खासगी इस्पितळ होतं, तिथले कॉम्प्युटर ही पोरगी सांभाळायची. नवीनच लागली होती. तिचा आवाज अगदी मजेत होता. स्टोअरमधली तीन जुनी मशीनं पुसून त्यांवर नव्यानं विंडोज चढवायचं होतं, आणि चुकून तिनं सगळ्याच मशीनांवर खूण करून हुकूम सोडला. "पर मैंने कैंसल कर दिया, तो ठीक है ना?" माझा हेडफोन त्याच लाइनवर होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. रुकोजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"रुको जी," ते म्हणाले. "नीचे, घड़ी के पास एक हरा निशान है? उस पे माउस रखो. पढ़ के सुनाओ." तिनं वाचलं. काम थोड्या वेळात सुरू होणार, असं तिथं लिहिलं होतं. वाचता वाचताच तिचा आवाज फाटला. नोंदणीची खिडकी, रक्ततपासणीची लॅब, एक्स-रे, सगळीकडचं सगळं पुसलं जाणार होतं. मी हातानं खुणावत होते, अहो, तिला मशीन बंद करायला सांगा. त्यांनी मान हलवली. बंद करून पुन्हा लावलं की आमचा प्रोग्रॅम राहिलेलं काम आधी हाती घ्यायचा, हे मी त्या घाईत विसरले होते. ते म्हणाले, "बेटा, तेरी मशीन के पीछे एक तार है, जिससे वो बाकियों से बात करती है. बस उसको निकालना है."

मशीन टेबलाखाली भिंतीला लावून ठेवलेलं होतं आणि फोनची वायर तिथवर पोहोचत नव्हती. तिनं रिसीव्हर टेबलावर ठेवला. मग आम्हाला नुसते आवाज येत राहिले. टेबल सरकल्याचा आवाज, तिची धाप, बाहेर कोणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं. माझा जीव टांगणीला लागला होता. रुकोजी डोळे मिटून, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसले होते. मग रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. "निकाल दी. पीछे वाली बत्ती बुझ गई."

पुढे त्यांनी तिच्याकडून एकेक पायरी वाचून घेतली आणि आतलं काम कायमचं मारून टाकलं. एकही मशीन गेलं नव्हतं. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "अब रोना है तो रो लो जी. मैं लाइन पे हूँ." ती हमसून हमसून रडली. मग म्हणाली, "सरजी, किसी को बताना मत. मेरी नौकरी चली जाएगी." रुकोजी म्हणाले, "नहीं बताऊँगा. पक्का." तेवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी तर खूश झाले होते. म्हटलं, आता मिळालं तुम्हाला नाव, मिळाला प्रसंग, आता बघू सर काय बोलतात. ते म्हणाले, "ताई, तिले शब्द देल्ला न मी." मी म्हटलं, अहो, नवी आवृत्ती महिनाअखेर बाहेर पडतेय, ती बटणाशिवाय गेली तर अशी दुसरी हरप्रीत उद्या कुठेतरी असेल आणि तिला फोन करायचंही सुचणार नाही. "त्याचाच विचार करून राह्यलो," ते म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

बैठकीच्या दिवशी सकाळपासून ते टेबलाटेबलाशी जाऊन सांगत होते, आपापलं काम सेव्ह करा. सरांनाही त्यांनी सांगितलं. सर कोणाचं ऐकतात? बैठकीत रुकोजींनी पुन्हा तेच बटण मागितलं. सर कंटाळून म्हणाले, "किस कस्टमर ने माँगा?" रुकोजींनी आपला कॉम्प्युटर सरांपुढे सरकवला. ऑफिसातली सगळी मशीनं बंद करायचा हुकूम त्यावर दिलेला होता. "आप कैंसल दबाइए, सर." सरांनी दाबलं. खिडकी गेली. "हो गया कैंसल. इसमें क्या है?" रुकोजी म्हणाले, "रुको जी." आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक करून सगळे पडदे काळे झाले. शेवटचा सरांच्या केबिनमधला. दिल्लीच्या मोठ्या ग्राहकापुढे करायचं अख्खं भाषण त्यात होतं, आणि ते सेव्ह केलेलं नव्हतं.

सरांचा पारा चढला, तो काय चढला. ऐकवत नव्हतं. पण माणूस धंद्यात मुरलेला होता. जरा वेळानं आवाज खाली आणून म्हणाले, "यूँ ही कोई ऐसा नहीं करता. किसी के यहाँ हुआ है. नाम बता दो, बटन भी बनेगा, तुम भी रहोगे. नहीं तो आज हिसाब कर लो." सगळे रुकोजींकडे बघायला लागले. मला वहिनींची पुढची तारीख आठवली. ते नाव माझ्या ओठांवर आलं होतं, मी खुर्चीवरून अर्धी उठलेही होते. रुकोजींनी माझ्याकडे न बघताच टेबलाखाली तळहात आडवा धरला. मी खाली बसले. "किसी कस्टमर ने नहीं, सर," ते म्हणाले. "मैंने माँगा."

संध्याकाळी त्यांनी आपला स्वेटर आणि कप पिशवीत घातला. मी जिन्यापर्यंत गेले, आणि मला त्यांचा अतोनात राग आला होता. "वहिनींचं काय?" एवढंच विचारलं. "पाहू न," ते म्हणाले. "तारीख तर हाये, ते थोडीच कोनी काढून घेते?" पुढे त्यांना एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. पगार तुटपुंजा होता, पण शहर सुटलं नाही. सकाळी इस्पितळ, दुपारी क्लास असं करत त्यांनी वहिनींचे उपचार पुरे केले आणि मगच अमरावती गाठली. वहिनी मला त्यानंतर कधी बोलल्या नाहीत की तुम्ही लक्ष नाही ठेवलं.

बटण मात्र झालं. ज्या सरांनी त्यांना काढलं त्यांनीच दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमरांना बसवून ते करून घेतलं. नवी आवृत्ती बाहेर पडली आणि थोड्या दिवसांनी हरप्रीतचा फोन आला. "रुकोजी हैं?" मी म्हटलं, नाहीत. ती म्हणाली, त्यांना सांगा, ते लाल बटण फार छान झालंय. मग थोडी घुटमळली. "दीदी, ये बटन बना, मतलब मेरे जैसी गलती किसी और ने भी की थी?"

"हाँ," मी म्हटलं. "हमारे ही ऑफिस में किसी ने."

"शुक्र है. मैं सोचती थी मैं ही अकेली बेवकूफ हूँ." ती हसली. मग तिनं अगदी काळजीनं विचारलं, "उसकी नौकरी तो बच गई ना?"

"रुको जी," मी म्हटलं. फोन होल्डवर टाकला आणि त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून पोटभर रडून घेतलं. मग पदरानं डोळे पुसून फोन पुन्हा कानाला लावला. ती थांबलेली होती.