नावं ठेवणाऱ्या पगारेबाई

कंपनीत नव्या यंत्राचं नाव सुचलं, की पगारेबाई गॅलरीत जाऊन ते खालच्या चहाच्या टपरीकडे ओरडायच्या. टपरीवाल्या सोमनाथनं जसंच्या तसं परत म्हटलं, तर नाव पास. बाईंचं बालपण मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं. हळू बोलणं त्यांना जमतच नसे.

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी अंबडच्या या छोट्या कंपनीत सल्लागार म्हणून बसू लागलो. बाई ग्राहकांच्या तक्रारींचे फोन घेत. मालक निनाद माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच्या प्रत्येक नावात एक्स नाहीतर झेड हवाच. अर्थ नसला तर उत्तम, म्हणजे ते ‘ग्लोबल’ वाटतं. बाई म्हणायच्या, “काका, असल्या नावांच्या बारशाला आत्यासुद्धा यायची नाही.”

कांदाचाळीतला दमटपणा मोजून मोबाइलवर इशारा देणारं यंत्र आम्ही केलं. निनादनं बंगळुरूच्या एजन्सीकडून त्याला नाव आणलं: ‘ह्युमिनी’. बाई गॅलरीत जाऊन ओरडल्या. खालून सोमनाथनं काळजीनं विचारलं, “हुमणी? कोणाच्या वावरात लागली?”

पिकाची मुळं कुरतडणाऱ्या अळीच्या नावानं आम्ही शेतकऱ्याला यंत्र विकणार होतो. ब्रँड टपरीवर ठरत नाहीत, असं निनादनं बाईंना सुनावलं आणि माझं मत विचारलं. मी म्हणालो, नाव आधुनिक आहे.

विंचूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं खोका हातातसुद्धा घेतला नाही. “पैसे देऊन हुमणी घरी नेऊ का?” सगळे हसले. परतताना गाडीत बाई मला म्हणाल्या, “राखण म्हणा की. राखणच करतंय ना ते?”

ते नाव मी निनादला सांगितलं. कोणाचं, ते सांगितलं नाही. ‘राखण’ खपलं. कंपनीच्या समारंभात नावाबद्दलची शाल मला मिळाली. नंतर बाई एवढंच म्हणाल्या, “नाव तुम्ही ठेवलं म्हणे, काका. राहू द्या. नावं ठेवायला मी आहेच.”

पण त्या पुन्हा गॅलरीत गेल्या नाहीत. निनादला वाटलं, बाई सुधारल्या.

गेल्या महिन्यात त्या अचानक गेल्या. कंपनीच्या शोकसंदेशात त्यांचं पद छापलं होतं, ‘कस्टमर डिलाइट लीड’. तो कागद घेऊन मी गॅलरीत गेलो आणि ओरडलो, “सोमनाथ, कस्टमर डिलाइट लीड गेल्या.”

“कोण गेलं?”

“पगारेबाई गेल्या रे. राखण हे नाव ठेवणाऱ्या.”

आत निनादची मीटिंग चालू होती. ती थांबली.