तळाचं वरण

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, आळे गावात दिलेल्या माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते — का, ते माझं मलाच ठाऊक नाही.

मी अवसरी बुद्रुकची, अंगणवाडीत सेविका. इतकी वर्षं गरोदर बायांना एकच धडा शिकवला. भिंतीवर तक्ता — ज्वारी-बाजरीनं ताकद येते, डाळ-अंडी-दुधानं अंग भरतं, भाजी-फळं आजार लांब ठेवतात, तेल-तूप थोडं हवंच. नुसत्या भाकरीवर पोट भरू नका, म्हणायचे. सगळं तोंडपाठ.

आणि घरी? घरी वरणाची पळी माझ्या हातात. पुरुष आधी जेवायचे. त्यांना मी पळी तळाला घालून घट्ट वरण वाढायचे. मग मी. सून मनीषा शेवटी बसायची, तेव्हा पातेल्यात नुसतं हळदीचं पाणी उरायचं. तिला सातवा महिना लागला तरी तेच. अंडं मुलाला, दूध डेअरीला. बाळ बारीक राहिलं की बाळंतपण सोपं जातं, असं माझी सासू म्हणायची — आणि असलं काही ऐकू नका, असं मीच बायांना बजावायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना? तीच मी.

मनीषा अंगणवाडीत माझ्यासमोरच बसायची. एकदा शेजारणीनं तिला विचारलं, काय काय खातीस गं? ती म्हणाली, "समदं खाते. आत्या देत्यात." आत्या म्हणजे मी, तिची सासू. मी तक्त्याकडे तोंड फिरवलं. खरं सांगू? लाज नाही वाटली. बरं वाटलं.

मुलगी झाली. एवढीशी. नऊ दिवस राहिली.

पोर होती तेव्हाच दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं — बाळंतिणीच्या अंगात रक्तच नाही, खायला काय देत होता? मुलगा माझ्याकडे बघायला लागला. खाटेवरून मनीषाही. आणि मी — बायांना शिकवणारी मी — म्हणाले, "आमी समदं देत व्हतो, बाई. हिलाच खायाचा कंटाळा."

मनीषा तरी काय बोलणार? सगळं खाते, असं तिनंच चार बायांत सांगितलेलं. माझी अब्रू राखायला ती खोटं बोलली, आणि मी? मुलगा वर्षभर तिच्याशी नीट बोलला नाही. खाण्याच्या नखऱ्यापायी पोर घालवली, असं गावातल्या बाया आजही म्हणतात. माझ्यासमोर म्हणतात. मी गप्प ऐकते.

आता माझे दात हलतात, भाकरी चावत नाही. पळी मनीषाच्या हातात आहे. ती पातेलं तळापासून ढवळते आणि पहिलं वरण माझ्या ताटात वाढते. मी भाकरी कुस्करून खाते.

ती अजून शेवटीच बसते. आधी तू बस, असं मी तिला आजपर्यंत म्हटलेलं नाही.