अल्पनाबाईंची जंगलातली झोप

देवासच्या सरकारी शाळेत अल्पनाबाई चित्रकला शिकवायच्या. सासूबाई, म्हणजे अक्का, अंथरुणाला खिळल्या आणि बाईंनी नोकरी सोडली. मग कितीतरी वर्षं भरवणं, पुसणं, कूस बदलून देणं. माघात अक्का गेल्या. चैत्रात खातेगांवच्या पुढे जंगलात चित्रकारांचं महिनाभराचं निवासी शिबिर होतं. बाईंच्या यजमानांनी, प्रतापरावांनीच, त्यांचं नाव पाठवलं.

खातेगांवपर्यंत बस, पुढे जीप. वाळलेल्या नाल्याशी ड्रायव्हर म्हणाला, "भाभीजी, आगे गाडी नी जायगी." बाई उतरल्या आणि तिथंच बॅगेवर बसल्या. उठावंसं वाटेना. शेवटी शिबिर चालवणारी उर्वी शोधत आली. इंदूरची मुलगी, घरात मराठी, शिक्षण हिंदीत.

"काकू, मी कधीची फोन लावते आहे. टॉवरच नाही इकडे. चला, बॅग द्या."

खोली छान होती. खिडकीबाहेर साग उभे, पानं गळालेले. बाईंनी कागद ताणून बसवला, पाणी भरलं, आणि झोपल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. बाकीचे चित्रकार सकाळीच रंगाच्या पेट्या घेऊन निघत. बाई जेवणापुरत्या उठत. दुपारी कधी अक्कांनी हाक मारल्यासारखं होई, त्या दचकून बसत, पाय चपला शोधत. मग आठवायचं, आणि पुन्हा आडव्या.

आठवडा असा गेल्यावर उर्वी दारात आली. "काकू, तबियत ठीक आहे ना?"

"ठीक आहे गं. दमले आहे. तुमची खोली अडवून बसले, लाज वाटते."

"दमलात तर झोपा ना. इथे कोणी विचारत नाही."

बाईंना रडू आलं नाही. तेवढंही त्राण नव्हतं.

शेवटच्या दिवसांत त्यांनी एक साग रंगवला. हात जड पडला, रंग गढूळ झाले. शिबिर संपताना भरलेल्या प्रदर्शनात त्यांनी काही लावलं नाही.

देवासला बस-स्टँडवर प्रतापराव घ्यायला आले होते.

"चित्रं कुठायत?"

"एकच झालं. बिघडलं."

त्यांनी बॅग उचलली. "मग पुढच्या वर्षी परत जा."

"जाईन. आधी घरी चला."

त्या आठवड्यात अक्कांची खाट बाईंनी शेजारच्या राजाबाईंना देऊन टाकली. त्या जागी चित्रं काढायला टेबल ठेवायचं ठरलंय. अजून ठेवलेलं नाही.